दोराचं मागचं टोक

"मागचं टोक मला द्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या.

चादरी धुण्याच्या त्या कारखान्यात रस्सीखेचीचं मागचं टोक आजवर बॉयलरवाल्याकडे असायचं. दोर कमरेला घेऊन, टाचा मातीत रोवून तो उभा राहिला की पुढच्यांना मागे बघावं लागत नसे. म्हणून तर इस्त्रीयंत्रावरची काकू बिनधास्त सगळ्यांच्या पुढे उभी राहायची.

पण गेल्या आठवड्यात साहेबांनी भाषण ठोकलं होतं. नेता कसा हवा, तर रस्सीखेचीतल्या मागच्या गड्यासारखा, पाय रोवून उभा! आणि हे सांगणार कोण? वाफेचा पाइप फुटला तेव्हा मीटिंगमध्ये असलेले, पगार रखडले तेव्हा बाहेरगावी गेलेले. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या आणि आता म्हणे गडी!

"दोर कमरेला घ्यावा लागतो, साहेब," बॉयलरवाला म्हणाला.

"शर्ट खराब होईल. हातात पुरे."

बॉयलरवाला बाजूला झाला. मेल्याच्या तोंडात मूग भरलेत का, काकूला वाटलं.

समोर पॅकिंगवाले. शिट्टी वाजली. दोर आपल्याकडे सरकत होता, दोन पावलांत जिंकलेच असते. एवढ्यात मागे फोन वाजला.

"एक मिनिट हं, महत्त्वाचा आहे," म्हणत साहेबांनी दोर सोडला.

दोराला एकदम हिसका बसला. मधल्यांचे हात सुटले. काकूने मात्र सोडला नाही, आणि तिच्या दोन्ही तळव्यांची सालटं निघाली.

काकू रोजंदारीवर होती. यंत्रावर दुसरी बाई बसली की जागा गेलीच.

"माझी जागा राहील ना, साहेब?" तिने विचारलं.

"अहो, मी आहे ना," फोनवर हात ठेवून साहेब म्हणाले.

मी आहे ना! काकूला हसावं की थुंकावं कळेना.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्ट्या बांधून ती आली. तिच्या यंत्रावर, बॉयलरची रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी, बॉयलरवाला उभा होता. चादरी वेड्यावाकड्या आत सारत होता.

"घरी जाऊन झोपा की," ती म्हणाली.

"तुमचे हात बरे झाले की झोपतो."

"चुण्या पडताहेत."

"पडू देत. जागा तर राहतेय."

तेवढ्यात साहेब पुष्पगुच्छ घेऊन आले, मागे फोटोवाला. "हार-जीत महत्त्वाची नसते, काकू. आपण एक टीम आहोत." त्यांनी फुलं पुढे केली.

काकूने हात मागेच ठेवले.

"मला धरवत नाही, साहेब. तुम्हाला तर धड हातांनीही धरवलं नाही. ठेवा तिकडे कुठेतरी."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. साहेबांनी फुलं मळक्या चादरींच्या ढिगावर ठेवली आणि निघून गेले.

काकूने पायाने स्टूल ओढलं, यंत्रापाशी बसली आणि पुढच्या चादरीची कड कोपराने सरळ करू लागली.