पाण्याच्या दिवशी सोफा

पिशोरच्या गोजरबाईंचं वय किती ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण मत कुठल्याही गोष्टीवर विचारा, पक्कं. थोरल्या नातवासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा त्या घरच्यांनी त्यांना मोठ्या मानानं बाजेवर बसवलं. बाज ढिली होती. गोजरबाई बसल्या त्या थेट आत गेल्या. गुडघे वर, डोकं वर, मधलं सगळं खाली. दोघांनी दोन हात धरून त्यांना उपसून काढलं. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांला बाज आवळता येत नाय, ते पोरीला काय शिकवणार," आणि चहा न घेता निघाल्या. ते लग्न तिथंच बुडालं.

हा किस्सा धाकट्या नातवानं, म्हणजे प्रणयनं, निशाला कंपनीच्या कँटीनमध्ये सांगितला. दोघं वाळूजला एकाच कंपनीत बोल्टांची मापं तपासायचे आणि तपासता तपासता लग्न करायचं ठरवून बसले होते. आता फक्त गोजरबाईंनी हो म्हणायचं बाकी होतं. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात गाभण म्हैससुद्धा विकली जात नाही, असं प्रणय सांगायचा.

निशानं तो किस्सा घरी सांगितला, हसवायला म्हणून. आई रत्नमाला हसली, भाऊ सम्यक हसला. वडील, कडुबा मिस्तरी, हसले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि छावणीच्या बाजारात जाऊन सोफा सांगून आले.

"सागवानी हाय," ते म्हणाले. "बाई बुडायच्या नायत."

"पप्पा, जिन्यातून जाईल का? मी माप घेते," निशा म्हणाली.

"जिना कुणी बांधला?"

"तुम्ही."

"मग मला माझा जिना मोजून दाखवती का?"

 दिवसभर बोल्टाचा केसाएवढा फरक पकडणारी मुलगी स्वतःच्या घरात टेप काढू शकत नव्हती, कारण टेप वडिलांचा होता आणि अपमानही त्यांचाच झाला असता.

मुकुंदवाडीतलं ते घर कडुबांनी खरोखरच स्वतःच्या हातानं बांधलं होतं. खाली रत्नमालाची पिठाची गिरणी, वर राहायची जागा. गिरणीत पाहुणे बसवायची सोय नव्हती. जो बसेल तो पांढरा होऊन उठायचा. म्हणून सोफा वरच जायला हवा होता. गिरणीशेजारच्या दारातून जिना सुरू व्हायचा, अर्ध्यात वळायचा आणि वर जायचा. त्या वळणावर पाण्याची टाकी होती. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, वार ठरलेला नाही, आणि त्याचा जोर बरोबर त्या वळणापर्यंतच. तिथं ते दमायचं. म्हणून टाकी तिथं. इतकी वर्षं तिथं की ती टाकी आहे हे घरातले विसरून गेले होते. कडुबांनी मनात जिना मोजला तेव्हा टाकी मोजली नाही. माणूस स्वतःचं पोट कुठं मोजतो?

रविवारी दुपारी पिशोरची माणसं मुलगी बघायला यायची होती. त्याच दिवशी सकाळी सोफा आला. मरून रंगाचा, तीन माणसांचा, आणि दोन्ही हातांवर लाकडी मोर. मोर शेजारच्या घरांकडं बघत होते. वरून ओढायला कडुबा, खालून ढकलायला सम्यक आणि दोन हमाल. सोफा दारातून दिमाखात आत शिरला, अर्धा जिना चढला, वळणावर आला आणि टाकी नि भिंतीच्या मधे असा बसला, जणू तो तिथलाच होता.

"तिरका घ्या!" कडुबा वरून ओरडले.

"तिरकाच हाय!" सम्यक खालून.

"मग सरळ घ्या!"

गल्ली गोळा झाली. सोफा अडकला की शहाण्यांना आमंत्रण लागत नाही. गल्लीला पाणी सोडायचा वॉल ज्याच्या हातात, तो कचरू पुढं उभा राहिला, कारण त्याला सगळीकडं पुढं उभं राहायची सवय होती. "उभा करा," तो म्हणाला. समोरच्या रेहाना चाची म्हणाल्या, "उभा करेंगे तो छत फोड़ के निकलेगा मियाँ, थोड़ा आड़ा लेव." एक हमाल म्हणाला की मोर कापावेत. कडुबांनी वरून त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो पुढचा तासभर मोरांकडं मान वर करून बघू शकला नाही.

"टाकी सरकवा की," शेवटी गिरणीच्या दारातून रत्नमाला म्हणाली.

सगळ्यांनी टाकीकडं बघितलं. आज पाण्याचा दिवस होता. नळ पहाटेच येऊन गेला होता. टाकी काठोकाठ भरली होती आणि भरलेली टाकी हलवायला हत्ती लागला असता. हत्ती आला तरी वळणावर अडकला असता.

"बादल्या आणा, रिकामी करू," सम्यक म्हणाला.

पण बादली कुठून आणणार? पाण्याच्या दिवशी गल्लीत रिकामं भांडं म्हणजे आळसाचा पुरावा. घरोघरी पिंप, हंडे, पातेली, सगळं भरून ठेवलेलं. "मेरे कने तो कुकर बी भरेला है," चाची म्हणाल्या. "सीटी उल्टी करके उसमें बी भरी मैं."

आणि तेवढ्यात पिशोरची जीप आली. दोन तास आधी.

निशा वर होती. ती वर, पोहे वर, चहा वर, वडीलही वर. मधे सोफा. गॅलरीतून तिनं बघितलं: आधी प्रणय उतरला, मग त्याचे वडील आणि मग गोजरबाई, पांढरं लुगडं, पायात नव्या चपला. आयुष्यातला हा दिवस तिनं बऱ्याच तऱ्हांनी मनात रंगवला होता. एकाही तऱ्हेत तिचा बाप जिन्यात कोंडलेला नव्हता.

गोजरबाई दारात आल्या आणि जिन्यात वर बघितलं. सोफ्याच्या पाठीमागून दोन हात वर आले आणि जोडले गेले.

"जय भीम, आजी," हात म्हणाले. "या. बसा."

"जय भीम. कुठं बसू?"

सोफ्यामागचे हात खाली गेले.

"पोरगी कुठंय?"

"वर हाय."

"अन् तुम्ही?"

"मी बी वरच हाय, आजी. हे मधलं जरा..."

"अडकलाय," गोजरबाई म्हणाल्या.

प्रणयच्या चेहऱ्याचा रंग आता सोफ्याशी जुळायला लागला होता. त्यानं गॅलरीकडं बघितलं. निशानं खांदे उडवले. तेवढ्यात कडुबांचा धीर सुटला.

"सम्यक!" ते ओरडले. "खोल तोटी! सोडून दे पाणी!"

गल्लीनं श्वास रोखला. या गल्लीत माणसं भांडणात एकमेकांच्या सात पिढ्या काढायची, पण पाणी गटारीत सोडा असं कुणी म्हटलेलं नव्हतं. चाचींनी कानाला हात लावला. कचरूच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

गोजरबाई सावकाश म्हणाल्या, "पाणी सोडता? गटारीत?"

निशाला त्या आवाजात ती ढिली बाज ऐकू आली. हे बाजेपेक्षा वाईट होतं. बाज निदान आवळता येते. तिला कळलं की अजून एक शब्द, आणि जीप पिशोरला परत. ती आत धावली, कपाटावर रचलेल्या गोधड्यांपैकी सगळ्यात वरची उचलली आणि गॅलरीतून खाली भिरकावली. गोधडी प्रणयच्या डोक्यावर पडली आणि प्रणय दिसेनासा झाला.

"गटारीत नाय, आजी!" निशा ओरडली. "गोधड्यांवर! लई दिवस धुतल्या नायत, पाणी पुरत नाय म्हणून! आज धुऊन घेतो!"

रत्नमालानं डोळे मिटले. सासरच्या माणसांना पहिल्या भेटीत न धुतलेल्या गोधड्या दाखवणारी मुलगी तिनंच जन्माला घातली होती.

गोजरबाईंनी प्रणयच्या डोक्यावरच्या गोधडीचं एक टोक धरलं. वास घेतला. मान हलवली. मग वळल्या आणि जीपकडं चालू लागल्या.

निशाचे हात गॅलरीच्या कठड्याला चिकटले.

गोजरबाई जीपपाशी पोचल्या. चपला काढल्या, सीटखाली नीट ठेवल्या. बटवा ड्रायव्हरकडं दिला. लुगडं वर खोचलं आणि परत आल्या.

"सोड पाणी," त्या सम्यकला म्हणाल्या. "अन् साबण आणा. पोरी, राहिलेल्या टाक खाली!"

मग जे झालं त्याला बघण्याचा कार्यक्रम म्हणायचं की काय, यावर गल्लीत अजून वाद आहे. तोटीला गिरणीची नळी जोडली. वरून गोधड्या पडत राहिल्या. निशाच्या संपल्या तशा चाचींच्या आल्या, कचरूच्या आल्या. कुणीतरी तेवढ्यात दारावरचा पडदाही घुसवला. गोजरबाई मधोमध उभ्या राहून पायानं गोधड्या तुडवत होत्या. प्रणय आणि त्याचे वडील पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्या दोन्ही बाजूंना. तुडवता तुडवताच गोजरबाई वर बघून विचारत होत्या.

"नोकरी सोडशील का लग्नानंतर?"

"नाय, आजी!"

"सोडू बी नको. स्वयंपाक येतो?"

"येतो! पण प्रणयला जास्त चांगला येतो!"

गोजरबाईंचे पाय थांबले. त्यांनी नातवाकडं बघितलं. "व्हय रं? घरी तर कधी बोलला नाय."

"तुम्ही विचारलं नाय, आजी," प्रणय म्हणाला आणि जोरजोरात तुडवायला लागला.

टाकी रिकामी झाली. वरून निशा आणि कडुबांनी ती कशीबशी उचलून वरच्या पायरीवर ओढली. वळण मोकळं झालं. सोफाही मोकळा झाला. मात्र पायऱ्या ओल्या होत्या आणि सोफ्याला वर जायचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो निघाला खाली. सम्यक गिरणीच्या दारातून पिठाच्या पोत्यांत उडाला. हमाल भिंतीला पालीसारखे चिकटले. सोफा धडधडत जिना उतरला, मोरांसकट दारातून बाहेर आला, साबणाच्या फेसावरून संथपणे सरकला आणि गोजरबाईंच्या मागं येऊन थांबला.

गोजरबाई बसल्या. थकल्याच होत्या.

सगळी गल्ली त्यांच्याकडं बघत होती. बुडाल्या नाहीत. एकदा हलून बघितलं. मोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"पक्का हाय," त्या म्हणाल्या.

निशा पोह्यांचं पातेलं घेऊन धावत खाली आली. पोहे गार होते, तिची साडी टाकीच्या शेवाळानं हिरवी झाली होती. गोजरबाईंनी तिला शेजारी बसवलं, पहिला घास खाल्ला आणि कडुबांना म्हणाल्या, "मिस्तरी, पोरगी आमची. कधी धरायचं?"

"आपल्यात मुहूर्त कुठं बघतात, आजी? कुठलाबी रविवार धरा."

"रविवार नाय. पाण्याचा दिवस धरा. एवढी माणसं जेवून हात कशानं धुतील?"

पटलं सगळ्यांना. मग सगळी गल्ली एकदम कचरूकडं वळली. कचरूनं आयुष्यात पहिल्यांदा मागं सरकायचा प्रयत्न केला. मग छाती पुढं काढली, आभाळाकडं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सांगतो. पण योग बदलू शकतो."

गॅलऱ्यांवर गोधड्या वाळत पडल्या. कडुबा आनंदानं इतके हलके झाले होते की त्यांनी एकट्यानं टाकी वळणावर परत नेऊन बसवली, नळी जोडली, वर झाकण लावलं आणि हात झटकत खाली आले.

सोफा गल्लीत होता.

 निशानं प्रणयकडं बघितलं, प्रणयनं मोराकडं.

"असू द्या हितंच," गोजरबाई पोहे संपवत म्हणाल्या. "मांडव गल्लीतच घालायचाय ना? नवरा-नवरीला बसायला झाला."