नारळाच्या भुशावरची बर्फगाडी

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी एक जुनी बर्फगाडी आहे आणि मी चेन्नईत राहते.

तांबरमच्या एका गल्लीत, मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली माझा मुक्काम आहे. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस माझ्याकडे बघून थबकतो. दूधवालाही थबकतो. ही इथे काय करते, असं दोघंही घरच्यांना विचारतात, मला मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

मला चाकं नाहीत. पुढे दोन स्की आहेत आणि मागे दातेरी रबरी पट्टा. पट्टा फिरला की बर्फ मागे जातो आणि मी पुढे जाते. तोच बर्फ उडून माझ्या पोटाला लागतो आणि इंजिन थंड ठेवतो. म्हणजे बर्फच माझा रस्ता आणि बर्फच माझं पाणी. आता इथे मे महिन्यात माझं काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

माझा जन्म दूरच्या थंड देशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून, मग ट्रकमधून मी दिल्लीच्या एका गोदामात आले. तिथे आम्ही चौघी उभ्या होतो आणि चौघींत मी सगळ्यात ठेंगणी. एक दिवस हिमाचलातल्या एका बचाव-चौकीची माणसं आम्हाला बघायला आली. तेव्हा मुलगी बघायला आल्यासारखंच वाटलं मला! सगळ्यांची नजर चौघींतल्या एका लांबोडीवर गेली. तिचा पट्टा लांब, इंजिन मोठं, आवाज असा की गोदामाचे पत्रे थरथरावेत.

त्या माणसांत एक सावळे, कमी बोलणारे गृहस्थ होते. गिरीधर अप्पा. तंजावरकडचे मराठी, तांबरमला वायुदलात मेकॅनिक म्हणून उमर घालवलेले, निवृत्तीनंतर हिवाळ्यापुरते चौकीवर काम करणारे. त्यांनी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. ते प्रत्येकीच्या एका बाजूच्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले आणि हँडल स्वतःकडे ओढलं. बाकीच्या हलल्या नाहीत. मी मात्र लगेच कलले.

"ही घ्या," अप्पा म्हणाले. "आपल्या चौकीवरती झाडं दाट आहेत. झाडांत वळती तीच कामाची."

चौकीच्या माणसांना ते पटलं नाही. शेवटी त्यांनी दोघींना घेतलं, लांबोडीला आणि मला. पण मला निवडणारा एक माणूस जगात होता, आणि मित्रांनो, एवढं पुष्कळ असतं.

पुढची सहा वर्षं मी जगले. देवदारांचं ते जंगल छपरासारखं उभं होतं आणि दोन झाडांत काही ठिकाणी माझ्या रुंदीपेक्षा हातभरही जास्त मोकळीक नव्हती. तिथे बसून गाडी हाकता येत नाही. अप्पा उभे राहत, डोंगराकडच्या पायरीवर दोन्ही पाय नेत, मला त्या अंगावर कलती करत आणि स्की उलट दरीकडे वळवत. मग मी एका कडेवर, उतार कापत, पाण्यातल्या मासोळीसारखी जायची. ते गॅस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, एकदम दाबत नसत. थोडा देत, सोडत, पुन्हा थोडा देत. झाडाच्या बुंध्याशी बर्फ पोकळ असतो, त्यात गाडी गडप होते, म्हणून बुंध्यापासून लांब राहत. आणि जिथून पुन्हा निघता येणार नाही तिथे कधी थांबत नसत. वाट चुकलेला मेंढपाळ, पाय मुरगळलेली शाळेतली बाई, ताप चढलेलं पोर, किती जणांना आम्ही खाली आणलं! खाली आल्यावर अप्पा माझ्या टाकीवर थाप मारत. मला तेवढं बक्षीस पुरायचं.

मग तो दिवस आला. सांगायला जड जातं, पण सांगते.

कॉलेजचे दोन मुलगे वरच्या जंगलात अडकले होते. हिमवर्षाव थांबत नव्हता. अप्पा शेडमध्ये आले, मी तयार होते. त्यांनी माझ्या हँडलला हात लावला. बाहेरून कोणी काहीतरी ओरडलं. अप्पांनी हात काढला आणि ते लांबोडी घेऊन गेले.

उघड्या उतारावर लांबोडी छान चढली असेल, मी तिचं श्रेय काढून घेत नाही. पण झाडांत ती वळली नाही. ती देवदारावर आदळली आणि अप्पांचा गुडघा मोडला. त्या मुलांपर्यंत माणसं पायी पोचली, पण फार उशिरा. दोघंही वाचले. पण एकाच्या उजव्या हाताची बोटं थंडीने गेली.

मी शेडमध्ये कोरडी उभी होते. मला का नेलं नाही? हा एकच प्रश्न माझ्या मनात राहिला. माझ्यावरचा विश्वास उडाला होता का? मी लहान होते म्हणून का?

अप्पांनी नोकरी सोडली. त्यांच्यामागे मला कोणी शेडबाहेर काढलंच नाही. दोन वर्षांनी चौकीने मला मोडीत काढलं, तेव्हा कोणाकडून तरी कळून त्यांनीच मला घेतलं आणि ट्रकवर घालून इथे आणलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी मला चार विटांवर चढवलं, ताडपत्री घातली, दोरीने आवळली आणि घरात गेले.

आठ वर्षं गेली. समुद्राची खारी हवा माझे नट खात राहिली. एका मांजरीने माझ्या बॉनेटखाली तीन वेळा पिल्लं घातली. वर्षातून एकदा, आयुधपूजेला, ताडपत्री निघायची. दारादारांत गाड्या धुऊन, चंदन-कुंकू लावून, चाकांखाली लिंबं ठेवायचा तो दिवस. अप्पांच्या पत्नी विशालाक्षी अम्मा लिंबू घेऊन माझ्याभोवती फिरायच्या आणि दर वर्षी विचारायच्या, "हिला चाकच नाही, कोठें ठेवूं?" मग स्कीखाली दोन लिंबं ठेवायच्या. अप्पा हात जोडायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. संध्याकाळी पुन्हा ताडपत्री.

शेजारचे उमाकांतराव सोलापूरचे, रेल्वेतले. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "गिरीधरराव, दारात हत्ती बांधलाय तुम्ही," ते भिंतीवरून म्हणायचे. "खात काही नाही, पण जागा केवढी अडवतो! भंगारवाला ओळखीचा आहे, सांगू का?" अप्पा नुसतं हसायचे. त्यांच्या हसण्यात हो आहे की नाही हे मला कळायचं नाही.

एवढ्या वर्षांत मला खरं कोणी भेटलं असेल तर ती हरिणी, अप्पांची मुलगी. लहानपणी ताडपत्रीवरूनच माझ्यावर बसून अभ्यास करायची. मोठी झाल्यावर गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आली. गेल्या आयुधपूजेला, माझ्या कपाळावर चंदन ओलं असतानाच, ती म्हणाली, "अप्पा, तुमच्या चौकीवर माणसं घेतायत. मीं अर्ज केला. जानेवारींत परीक्षा. झाडांतून गाडी काढून दाखवायची. मला शिकवा."

"वेंडाम," अप्पा म्हणाले. नको. एवढा एक तमिळ शब्द, आणि ते आत गेले.

हरिणी हट्टी. तिने ताडपत्री पुन्हा घातलीच नाही. रोज सकाळी ती माझ्यावर चढायची आणि फोनमध्ये बघून काहीबाही करायची. सगळं चुकीचं! बसून राहायची. झाड टाळायचं म्हणून हँडल भलतीकडे वळवायची. आणि विटांवर मी हलणार कशी? मी दगडासारखी ताठ. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

माझ्याऐवजी अप्पा ओरडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार दिवस बघत होते. पाचव्या दिवशी लंगडत बाहेर आले.

"बसूं नको ग! उभी राहा. आणि ह्या विटा काढ आधीं. विटांवर शिकलीस तर विटांवरच चालवशील."

हरिणी लगेच विटांपाशी वाकली. बोलली तर अप्पा परत जातील, हे त्या पोरीला कळत होतं.

पण विटांऐवजी काय? अप्पांनी डोकं खाजवलं आणि टेम्पो भरून नारळाचा भुसा मागवला, काथ्या काढल्यावर उरतो तो. अंगणाच्या भिंतीला लावून त्याचा तिरपा ढीग केला. मांडवाला लावतात ते सुरूचे खांब आणून ढिगात जवळजवळ रोवले. हे देवदार! मला ढिगावर ठेवलं तेव्हा मी इंचभर खचले, आणि अप्पांनी पायरीवर वजन टाकताच कलले. दहा वर्षांनी मी कलले. ते काय सुख होतं, कसं सांगू?

"गिरीधरराव, आता हत्तीला गादीसुद्धा?" भिंतीवरून आवाज आला.

"गादी नाही, डोंगर हा," अप्पा म्हणाले.

पावसाळा इथे ऑक्टोबरात येतो. भुसा भिजून जड झाला. अप्पा म्हणाले, बरंच झालं, ओला बर्फ असाच असतो. रोज सकाळी हरिणी मला त्या अंगावर, ह्या अंगावर कलवायची आणि अप्पा खुर्चीतून सांगायचे. "झाड बघूं नको. झाड बघितलीस तर झाडावरच जाशील. मधली जागा बघ." "गॅस चिमूटभर. सांबारांत हिंग घालतों तेवढा." पण त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, तिच्याशीही नाही आणि माझ्याशीही नाही.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी माझा कार्बोरेटर उघडला. इंजिन सुरू करायचं होतं, पण बर्फाशिवाय मी दोन मिनिटांत तापून मरेन. हरिणी मासळीबाजारात गेली आणि कुटलेल्या बर्फाची दोन पोती घेऊन आली.

"अय्यो! मासळीचं बर्फ घरांत?" विशालाक्षी अम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मागल्या बाजूनें ने. आणि नंतर अंगण धुवायचं, सांगून ठेवतें."

दहा वर्षं मी बर्फाची वाट बघितली आणि बर्फ आला तो वंजिरम माशाच्या वासाचा! पण नाव ठेवणार नाही. तो पोटाला लागला तेव्हा माझे डोळे मिटले. हरिणीने दोरी ओढली. सहाव्या ओढीला मी बोलले. ती उभी राहिली, दोन्ही पाय एका अंगाला, नजर मधल्या जागेवर. मी कलले, भुसा उडाला, आणि पहिले दोन खांब, मग पुढचे दोन, आम्ही मधून निघालो. सारा प्रवास पंधरा पावलांचा. उमाकांतरावांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर भुसा बसला, पण ते टाळ्या वाजवत होते.

त्या दिवशी मी एक वेडी आशा धरली. वाटलं, ही मला बरोबर नेणार.

जानेवारीत ती पाठीवर पिशवी घेऊन गेली. जाताना माझ्या टाकीवर थाप मारली, अगदी अप्पांसारखी. ट्रक काही आला नाही. कसा येईल? चौकीवर आता नव्या गाड्या आहेत. शहाणपणाने बघितलं तर सगळं बरोबरच होतं. पण मित्रांनो, त्या आठवड्याइतकी एकटी मी आठ वर्षांतही नव्हते. पूर्वी कोणाची वाट तरी बघत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अप्पा अंगणात आले आणि माझ्यावर बसले. फोन वाजला, तो त्यांनी स्पीकरवर लावला.

"अप्पा, इथें दोन गाड्या ठेवल्यात. आपली आपण निवडायची. एक लांब पट्ट्याची आहे, सगळे तिच्यावरच बसतायत. दुसरी ठेंगणी. मला सगळे म्हणतात, वेडी आहेस काय, मोठी घे. कोणती घेऊं?"

अप्पांचा हात माझ्या हँडलवर होता.

"ऐक," ते म्हणाले. "त्या दिवशीं मीं हिच्यावर हात ठेवला होता. हीच न्यायची म्हणून. बाहेरून चौघे ओरडले, दोघांना आणायचंय, लहानी गाडी काय कामाची. मला ठाऊक होतं, झाडांत हीच जाती. दोन खेपा केल्या असत्या. पण मीं त्यांचं ऐकलों. हिचा काय दोष नव्हता. त्या पोराची बोटं हिनें नाही, माझ्या भिडेनें घालवलीं."

"तूं पायरीवर उभी राहा," अप्पा म्हणाले. "ओढून बघ. जी कलती, ती घे."

"सरि, अप्पा," हरिणी म्हणाली. म्हणजे, बरं.

दुपारी चारला पुन्हा फोन आला. अम्मांनी तो घेतला आणि ओरडतच बाहेर आल्या, "निघाली ग बाई झाडांतून! घेतलें तिला!" उमाकांतरावही धावत आले. सगळे आत गेले, गोडाचं काहीतरी सुरू झालं. अप्पा मात्र मागे राहिले. त्यांनी मोडका गुडघा सांभाळत दोन्ही पाय एका पायरीवर आणले आणि हँडल ओढलं. भुसा दबला. मी कलले.

"तुलाच न्यायला हवी होती," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता पुन्हा बर्फ बघणार नाही. पावसाने ढीग बसत चाललाय, अम्मांनी त्यातला अर्धा भुसा कुंड्यांना नेला, आणि ताडपत्री पुन्हा माझ्या अंगावर आली आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या घरीही कोणीतरी बाजूला ठेवलेलं असेल, वस्तू असेल किंवा माणूस असेल. त्याला पुसा, तेल घाला, सावलीत ठेवा, ते तर कराच. पण त्याला एकदा बरोबर नेलं नव्हतं, ते का, हेही सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. मला दहा वर्षांनी कळलं, आणि त्या दिवसापासून ही ताडपत्री मला जड वाटत नाही.