बंद जनरेटरचे नऊ अँपिअर

मेघा वर्ध्याला उतरली तेव्हा तिच्या बॅगेत नवा सेन्सर होता आणि काम दुपारपर्यंत आटपेल याची तिला खात्री होती. माहेर हिंगणघाटचं, म्हणून पुण्याच्या कंपनीनं तिलाच पाठवलं होतं.

त्या कंपनीनं २००७ साली बोरगाव मेघेच्या एका आरोग्य संस्थेला चाचणीसाठी एक गाडी दिली होती. गाडी बॅटरीवर धावायची, आणि बॅटरी उतरत आली की मागचा छोटा पेट्रोल जनरेटर आपोआप सुरू होऊन ती भरायचा. जनरेटरमधून किती करंट येतो, हे एक सेन्सर मोजत असे. आता तोच सेन्सर बिघडल्याची खूण समोरच्या पडद्यावर वारंवार येत होती. खूण आली की गाडी जनरेटर सुरूच होऊ देत नसे. मग बॅटरी संपली की जिथे असेल तिथे मुक्काम.

संस्थेचे व्यवस्थापक प्रभाकरराव यांनी मेघाला आल्याबरोबर बाजूला घेतलं. "मॅडम, मशीनमंदी काही नाई. आमच्या नागसेनले खेड्यात जाचा कंटाळा येते. तोच काहीतरी बटन दाबते."

ड्रायव्हर नागसेन चार हातांवर गाडी पुसत उभा होता. त्यानं ऐकलं, पण मान वर केली नाही.

मेघानं जुना सेन्सर काढून नवा बसवला. जनरेटर बंद असताना पडद्यावर शून्य आलं. चालू केल्यावर जो आकडा आला, तोच तिच्या हातातल्या मीटरनंही दाखवला. झालं काम, असं ती म्हणणार, तेवढ्यात नर्स अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "उद्या रोहण्याले शिबिर आहे. आमच्यासंग चाला ना. वाटेतच रुसते ते."

सकाळी सामान भरून गाडी निघाली. मेघा पुढे बसली होती. आर्वी रोडला लागल्यावर तिनं सहज पडद्याकडे पाहिलं. जनरेटर बंद होता आणि पडदा नऊ अँपिअर दाखवत होता. पाठोपाठ तीच खूण पेटली.

तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली. हातातलं मीटर तारेला लावलं, तर शून्य. पडद्यावर नऊ. नवा कोरा सेन्सर, त्यालाही जुन्याचंच दुखणं! तिनं जोडण्या हलवून पाहिल्या, तारा चाचपल्या, अर्थिंग घासून पुन्हा आवळलं. नऊचे नऊच. गाडी पुन्हा निघाली तेव्हा ती नकळत नागसेनच्या हातांकडे पाहत राहिली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. आपण काय पाहतो आहोत हे लक्षात येताच तिनं मान खिडकीकडे वळवली.

बॅटरीवरच कशीबशी गाडी रोहण्याला पोचली. सामान उतरलं, शाळेच्या व्हरांड्यात बायांची रांग लागली. मेघा एकटी गाडीत येऊन बसली आणि पाहते तर पडद्यावर शून्य. तिनं कशालाच हात लावला नव्हता. जनरेटर सुरू केला, तो गुमान चालला, बॅटरी भरू लागली. उन्हानं असेल? पण ऊन तर आता वाढलं होतं. हादऱ्यांनी? मग वाटेत उभ्या गाडीत नऊ का होते? वहीत लिहिलेली कारणं ती एकेक करून खोडत गेली आणि शेवटी पानावर काहीच उरलं नाही.

नागसेन चहा घेऊन आला. "सापडलं का, ताई?"

"नाही हो. मलाच काही समजेना."

तो पायरीवर बसला. "सायेब रोज म्हणते, तूच करतो. आता मलेच वाटून राह्यलं, का माह्या हातून खरंच काही होते काय. घरीबी बोट पाहात बसतो."

मेघानं वही मिटली आणि त्याच्या हातातला चहा घेतला.

शिबिर संपल्यावर तिनं जनरेटर बंद केला. सामान परत गाडीत चढू लागलं. वजनकाटा आला, औषधांची पेटी आली. मेघाची नजर पडद्यावर होती. शून्य. मग अन्नपूर्णाबाईंनी बायांना बोलावायचा भोंगा मागच्या सीटखाली सरकवला आणि आकडा हलला. नऊ.

"थांबा! तो बाहेर काढा."

"काऊन? काय झालं?"

"काढा तर!"

भोंगा बाहेर, शून्य. भोंगा आत, नऊ. मेघानं सीटची फळी उचलली. भोंग्याच्या मागच्या बाजूला जड लोहचुंबक होतं, आणि सेन्सर नेमका त्याच्याखाली. "हा सेन्सर तारेभोवतीच्या चुंबकीय ओढीवरून करंट ओळखतो," ती म्हणाली. "हे चुंबक जवळ आलं की त्याला वाटतं, करंट वाहतोय. तार मात्र रिकामी."

अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. "वाटेत खडखडते म्हणून मीच तिथं ठेवत होती व!"

नागसेन हसला नाही. त्यानं भोंगा हातात घेतला, स्वतः आत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मग तो टपावर नेऊन घट्ट बांधला.

बोरगावला प्रभाकररावांनीही तो खेळ डोळ्यांनी पाहिला. "बरं," म्हणाले, "टपावरच बांधत जाय, नागसेन." एवढं बोलून आत गेले.

संध्याकाळी नागसेन मेघाला त्याच गाडीतून बसस्टँडवर सोडायला आला. बस लागलेली होती. बॅग देताना तो घुटमळला.

"ताई, एक ईचारू? मागच्या महिन्यात पुलगावले अशीच गाडी बंद पडली, तेव्हा भोंगा नव्हता. शिबिरच नव्हतं त्या दिवशी. मी एकटाच गेलतो."

मेघा पायरीवर एक पाय ठेवून थांबली. जुना सेन्सर खरंच बिघडलेला होता? अर्थिंग? इतका वेळ बरोबर वाटलेलं उत्तर तिला आता अर्धंच वाटू लागलं.

"नक्की नव्हता?"

"नक्की."

कंडक्टरनं घंटी मारली. मेघानं पाय खाली घेतला, बस जाऊ दिली आणि नागसेनच्या हातातून बॅग घेतली.

"चला," ती म्हणाली, "पुन्हा उघडून पाहू."