पहिलं नाव विद्यार्थ्याचं

आमच्या ह्यांना मानाची हाव कधीच नव्हती, असं निरोप समारंभात जो तो उठून सांगत होता. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, साफ खोटं. हाव होती. ती पदकाची नव्हती, टाळ्यांची नव्हती, एका खोलीची होती.

वनस्पतिशास्त्र विभागात अगदी आत गेलं की शेवटची खोली. एक लांब टेबल, उत्तरेकडे खिडकी, खिडकीशी सूक्ष्मदर्शक आणि भिंतीभर कपाटं. कपाटांत वाळवलेले नेचे, टीपकागदात दाबून, जाड कागदावर चिकटवून, कोपऱ्यात चिठ्ठी लावून ठेवलेले. ज्याला फूल नाही, फळ नाही, अशा झाडापायी या माणसाने जन्म घालवला. नवं लग्न झालेलं असताना मला ती खोली दाखवायला नेलं होतं. एक पान उलटं करून म्हणाले, "हे ठिपके बघ. यातच सगळी गंमत आहे." मी म्हटलं, "कीड लागलीय का?" त्यानंतर घरी पोचेपर्यंत साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

निवृत्त झालं की खोली सोडावी लागते. एकच वाट होती. विद्यापीठाने 'मानद प्राध्यापक' केलं तर पगार मिळत नाही, पण टेबल, खिडकी आणि कपाटांच्या किल्ल्या हातपाय चालतात तोवर आपल्याकडे राहतात. ह्यांचं एका जातीच्या नेच्यांवरचं काम अर्ध्यावर होतं. ते घरी आणता येण्याजोगं नव्हतं, आणि विभागात नेच्यांतलं कळणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलं. मागतानाही कान लाल झाले होते.

तिथेच घोडं अडलं. सन्मान देणारी समिती शोधनिबंध मोजते, आणि निबंधावर ज्याचं नाव पहिलं, त्याचंच काम धरते. ह्यांची तर उभ्या नोकरीतली रीत अशी की पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं आपलं. मग जंगल ह्यांनी तुडवलेलं असो, डोळे ह्यांनी फोडलेले असोत, नाहीतर सगळा निबंध ह्यांनी एकटाकी लिहिलेला असो. मी कितीदा म्हटलं, "अहो, इतकंही देऊ नये माणसाने." त्यावर ठरलेलं उत्तर, "पहिल्या नावाला नोकरी मिळते. मला नोकरी आहे." आता समितीने ह्यांचे कागद उलगडले तर सगळीकडे हे आपले शेपटाला.

समितीने एक सवलत मात्र ठेवली होती. पहिल्या नावाच्या माणसाने बैठकीत समोर येऊन सांगितलं की मुख्य काम यांचं होतं, तर तो निबंध ह्यांचा धरणार. त्यातल्या त्यात एकच निबंध असा होता की त्या एकट्यावर काम भागलं असतं. ह्यांना सापडलेल्या नव्या नेच्याचा. तो आधी कोणी पाहिलाच नव्हता, हे सिद्ध करायला ह्यांनी उन्हाळे-पावसाळे त्या खिडकीशी घालवले होते. त्यावर पहिलं नाव होतं भिंगरीचं.

भिंगरी हे मी ठेवलेलं नाव. पोरगी एका जागी टिकायची नाही. शिकायला आली ती वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळून आमच्याकडे जेवायला लागली, आणि कधी घरची झाली ते कळलंच नाही. आमचा मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा उगवणार. मला तापाने घेरलं तेव्हा उशाशी बसली ती हीच. त्या निबंधावर तिला तरुण संशोधकांचा मोठा पुरस्कार मिळाला, विभागाला गौरवचिन्ह मिळालं. ते आजही दारात लावलंय, शेजारी तिचा फोटो. त्याच जोरावर ती दुसऱ्या विद्यापीठात गेली, आणि आता तिथली विभागप्रमुख आहे. पुरस्काराच्या दिवशी हे मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला तेव्हाही राग आला होता, पण ह्यांचा चेहरा बघून गिळला.

तेव्हा आता काळजी कशाची? घरचंच माणूस. ह्यांनी काही तिला फोन केला नाही. मीच केला. म्हटलं, "बाई गं, एकदा येऊन दोन वाक्यं बोलायचीत." ती म्हणाली, "येते काकू." 

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी आली. साडी नेटकी, केस कापलेले, हातात फळांची पिशवी. पिशवी बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे ती कधी काही घेऊन येत नसे, उलट डबे उघडून बघत असे. बसली ती खुर्चीच्या कडेवर. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, जहाजाची झाली, हवापाण्याची झाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी मीच म्हटलं, "उद्या किती वाजता आहे?"

ती ह्यांच्याकडे बघत म्हणाली, "सर, मी येते उद्या. सांगते, काम तुमचं होतं. तुम्ही म्हणाल तसं सांगते." मग जरा थांबून, "फक्त... मग पुरस्काराचं काय, हे विचारतील कोणीतरी. आमच्याकडेही कळेल. माझी नेमणूक त्याच निबंधावर झालीय ना. पण ठीक आहे. होईल ते होईल."

हे चष्मा पुसत होते. पुसून डोळ्यांवर ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वेडी की काय तू? काही यायचं नाही. नेचा तू पाहिलास म्हणून आपण तिकडे गेलो. पहिलं नाव तुझंच. मला आता त्या खोलीत दमही लागतो."

नेचा तिने पाहिला म्हणे, दम लागतो म्हणे. आदल्या आठवड्यात त्या खोलीसाठी नवं टीपकागदाचं बंडल आणून ठेवलं होतं.

मी भिंगरीकडे बघत होते. मी मुलींना शिवण शिकवत आले, अंगावरचं कापड कुठे ताणलंय आणि कुठे सैल पडलंय ते मला न मोजता कळतं. ह्यांचं 'यायचं नाही' ऐकलं आणि तिचे वर चढलेले खांदे हळूच खाली आले. ती कडेवरून सरकून खुर्चीत नीट टेकली. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पण खांदेही खोटे नव्हते. "नक्की ना सर?" एवढंही तिने विचारलं नाही. "तुम्ही ना सर, कधीच बदलणार नाही," म्हणाली आणि चहा मागितला.

मी चहा केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून घेण्यापलीकडे काय करणार.

निघताना दारात माझा हात धरून म्हणाली, "काकू, रागावलात?"

"रागावले असते तर बरं झालं असतं गं," मी म्हटलं. "राग उतरतो."

समितीने नाही म्हटलं. दोन ओळींत, अतिशय आदरपूर्वक. 

खोली रिकामी करायला मी ह्यांच्याबरोबर गेले. तिथे आता संगणक बसवायचे होते. कपाटं विद्यापीठाची, नेचे विद्यापीठाचे, सूक्ष्मदर्शक विद्यापीठाचा. ह्यांचं म्हणून जे निघालं ते एका पिशवीत मावलं. एक जुना स्वेटर, दोन चिमटे, चहाचा कप. ह्यांनी प्रत्येक कपाट उघडून पाहिलं, कुठे कसर तर लागली नाही ना. खोली ताब्यात घ्यायला आलेल्या नव्या माणसाला समजावून सांगितलं की पावसाळ्यात डांबरगोळ्या बदलायच्या. तो मान डोलावत होता आणि भिंतीची मापं घेत होता. शेवटी हे अर्धवट राहिलेल्या कागदांपाशी आले. एक पान उलटं केलं, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि दप्तर बांधून जागच्या जागी ठेवलं. 

किल्ल्या देऊन आम्ही निघालो. दारात गौरवचिन्ह होतं, भिंगरीचा फोटो होता. मी मान वळवून पुढे गेले. पायऱ्यांवर आले तर हे मागे नाहीत. परत जाऊन बघते तो फोटोसमोर उभे, पिशवी छातीशी धरून.

"चला ना," मी म्हटलं. "मनाचा मोठेपणा केलात, आता कशाला बघत बसता?"

"मोठेपणा कसला," ते म्हणाले. "ती दहादा म्हणाली असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. खोलीचं काय एवढं. पण तिने अजून एकदा विचारायला हवं होतं गं."