जानकूची मिश्री

ऊन तापायला लागलं तरी जानकूच्या पिंडाला कावळा शिवेना.

कळंबला घोड नदीच्या घाटावर पाऊणशे माणूस ताटकळत बसलं होतं. कावळे नव्हते असं नाही. करंजाच्या झाडावर चांगले वीस-पंचवीस होते, पण एक ओरडेल तर शपथ. माना वाकड्या करून सगळे खाली बघत होते. दहाव्याला कावळे असे मुके बसलेले सावळारामनं उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

सावळाराम आणि जानकू मंचरच्या मार्केटात तीस वर्षं हमाल. बटाट्याची गोणी एकानं उचलून द्यायची, दुसऱ्यानं पाठीवर घ्यायची, आणि बिडी दोघांत एक. वर्षापूर्वी, सत्त्याण्णव साली, सावळारामला अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोडा. वर्षभर लांब राहिलात तर धोका निम्म्यावर येईल. नाहीतर शिरा परत तुंबतील." सावळारामनं कानाला खडा लावला. जानकू म्हणाला, "तू न्हाई तर मी तरी कुनासंगं वढू?" दोघांनी बिडी सोडली ती सोडलीच. शब्दाचे पक्के गडी, राव!

फक्त दोघंही मिश्री लावायला लागले. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांना घासायची. आपल्याकडं निम्मं गाव लावतं. तिला व्यसन कोण म्हणतंय? ते दात घासणं. आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग दर चार गोण्यांमागं. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "काय, सुटली का?" आणि सावळाराम छाती काढून सांगायचा, "बिडीला हात लावला न्हाई, साहेब!" मिश्रीचं सांगावं हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आगीतून फुफाट्यात पडला होता शहाणा, आणि त्याला तो फुफाटा गार लागत होता.

आणि मग दहा दिवसांपूर्वी जानकूच गेला. ज्याला कधी साधी धापसुद्धा लागली नव्हती, तो.

"जीव कशात तरी अडकलाय त्याचा," म्हातारी माणसं कुजबुजली. जानकूचा धाकटा भाऊ भगवंत हात जोडून पिंडापुढं उभा राहिला. "दादा, वयनीला अंतर देनार न्हाई." कावळे हलले नाहीत. "पोरीचं लगीन मी लावीन." तरीही नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, बिडी ठेवा. भगवंतनं बिडी पेटवून दगडावर ठेवली. ती विझली. दुसरी ठेवली, तीही विझली. वाऱ्याचा तर मागमूस नव्हता.

"अलीकडं बिडी कुठं वढत व्हते?" जानकूची बायको शीला म्हणाली. "त्यांची मिश्री ठेवा." तिनं कमरेच्या पिशवीतून जानकूची डबी काढून दिली. भगवंतनं ती उघडून पिंडाशेजारी ठेवली.

तसे झाडावरचे सगळे कावळे एकदम उठले. काव नाही की कर्र नाही. नदी ओलांडून पलीकडच्या काठावर ओळीनं बसले आणि परत इकडं बघायला लागले.

शीलाला रडू कोसळलं. "ह्याच डबीवर जीव व्हता वो त्यांचा! त्या दिशी छातीत गच्च झालं, तर म्हनले पित्त हाये, मिश्री लावली की मोकळं वाटंल. दोनदा लावली. बोट तोंडात असतानाच गेले."

सावळारामच्या अंगावर सर्रकन काटा आला. आज पहाटेपासून त्याची छाती गच्च होती. डावा खांदा भरून आला होता. पित्तच असेल म्हणून त्यानं दोनदा मिश्री लावली होती, आणि दोस्ताच्या दहाव्याला बोभाटा नको म्हणून तोंड मिटून बसला होता. पलीकडचे कावळे आता पिंडाकडं बघत नव्हते. ते त्याच्याकडं बघत होते.

"म्हंजे ही बी तंबाखूच की रं, जानक्या," तो पुटपुटला. त्याला भीती वाटली. खरी भीती.

गुरुजी आता दर्भाचा कावळा करायला बसले होते. सावळाराम उठला. पिंडाजवळची डबी आणि आपल्या खिशातली पुडी, दोन्ही त्यानं नदीत भिरकावली. आणि जीपवाल्या सोमाजीचा दंड धरला. "गाडी काढ. मंचरला दवाखान्यात ने मला. सकाळधरनं छातीत दुखतंय."

"आरं, कावळा शिवायच्या आधी उठत्यात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. "जिवाभावाचा दोस्त ना तू?"

"थांबलो तर माझा बी दहावा घालाल!" सावळाराम म्हणाला आणि चालू पडला. पायऱ्या चढताना दोनदा टेकला. जीपमध्ये बसता बसता त्यानं सोमाजीला बजावलं, "माझी शुद्ध गेली तर डाक्टरला तू सांग. बिडी सोडली व्हती, पन तंबाखू न्हाई. सालभर रोज मिश्री लावलीय म्हनावं. लपवू नगंस."

सोमाजीनं गाडी चालू केली आणि घाटावरून एकच गलका उठला.

"शिवला! खरा कावळा शिवला!"

सोमाजीचा हात गिअरवर तसाच राहिला. "दादा, तुमी उठलात आन् शिवला की वो!"

सावळारामनं मागं वळून बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सुटला माझा जानक्या," तो म्हणाला. "आता मला येळंवर पोचीव, बाबा. हाण गाडी."