चौदा नंबरच्या बाटलीतली पांढरी पूड

मी एक जुनी काचेची बाटली आहे. लोणच्याची नाही, औषधाची नाही आणि सरबताची तर नाहीच. माझ्यात पाणी भरतात, पण ते कुणी पिण्यासाठी नाही. त्या पाण्यावर कुणाचा तरी संशय असतो, म्हणून ते माझ्यात भरले जाते. मित्रांनो, संशयासाठीच मला घडवले. तेव्हा माझ्या बोलण्यात तो डोकावला, तर राग मानू नका.

वाळू आणि टाकणखार वितळवून केलेली माझी काच उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. माझे बूचही काचेचेच. ते माझ्याच तोंडावर घासून घासून बसवलेले आहे, त्यामुळे ते दुसऱ्या कोणत्याही बाटलीला नीट बसत नाही. माझ्या मानेवर आणि बुचावर चौदा हा आकडा कोरला आणि मला बंगळूरला हेब्बाळच्या एका छोट्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत आणले.

तिथे विद्याश्री नावाची तंत्रज्ञ होती. कमी बोलणारी आणि कामाला चोख. दर खेपेला ती मला धुई, माझ्या तळाशी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकी, माझ्या तोंडावर कागदाची टोपी चढवून दोरा बांधी आणि एकशे एकवीस अंशांच्या वाफेत ठेवी. बाहेर येईपर्यंत माझ्यात एकही जंतू जिवंत नसे. तो थेंब मात्र सुकून तळाशी पांढऱ्या पुडीसारखा दिसे. ही पूड लक्षात ठेवा. पाण्यात जंतू मारणारे क्लोरीन असेल तर ती त्याला जागीच निकामी करते. नाहीतर ते क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतही जंतू मारत राहील आणि आम्ही पाण्याला उगाच शाबासकी देऊन बसू.

मी तलावांची, टँकरची, हॉटेलांच्या नळांची पाणी आणली. पुष्कळदा वाईट बातमी आणली. एका वसतिगृहातली काविळीची साथ माझ्यामुळे वेळेवर कळली, तेव्हा विद्याश्रीने मला पुसून दोन क्षण हातात धरले होते. पुढे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि आम्ही काचेच्या बाटल्या खालच्या फळीवर गेलो. विहिरीची तपासणी असली की तेवढी माझी आठवण होई, कारण मला दगड बांधून थेट पाण्यात सोडता येते. प्लास्टिकची बाटली तरंगत बसते.

अशाच एका शनिवारी मी बंगळूरजवळच्या आनेकलला गेले.

तिथे नरसिंहराव आणि शकुंतलाबाई यांचे घर विकायचे होते. हे कुटुंब चार पिढ्यांपासून इकडचे. नरसिंहरावांचे चिकपेटेत साड्यांचे दुकान होते, आता ते थकले होते. घर घेऊ पाहणारी निधी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. तिच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी होती. त्या गल्लीत नळ आलेला नव्हता. घरात जे पाणी येई ते मागच्या विहिरीचे. म्हणजे घर घेतले तर मुलीच्या पोटात तेच पाणी जाणार. निधीला बाकी भिंतींचे, पत्र्यांचे काही नव्हते. ते पाणी चांगले आहे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

घर तपासायला तिने रविकुमार नावाचा माणूस आणला होता. तो भिंतींना ओल मोजायचे यंत्र लावत हिंडत होता आणि विद्याश्रीने त्याच्याकडे सोपवलेली मी त्याच्या पेटीत, ओसरीवर होते. पेटी उघडी होती.

भांडणाची सुरुवात दुधावरून झाली. मुलगी रडू लागली तशी शकुंतलाबाईंनी लोटीभर पाणी पुढे केले. "घे ग, हे घालून डब्याचं दूध कालव. ताजं शेंदलंय."

"नको काकू, मी आणलंय," असे म्हणत निधीने पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली.

"का ग? आमच्या पाण्याला काय झालं? माझी दोन पोरं ह्याच पाण्यावर वाढली. मागच्या महिन्यात तपासून आणलंय, कागद आहे."

"तो रिपोर्ट बघितला मी. पण प्लीज गैरसमज नको, आमची टेस्ट आम्ही करूच."

"सरी, बरं. करा. विहीर काय पळून जात नाही."

शब्द गोड होते. पण शकुंतलाबाई आत गेल्या तेव्हा लोटी जरा जोरात ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. निधी अंगणात फोनवर नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती. "शुभंकर, एवढा क्लीन रिपोर्ट? उघड्या विहिरीचा? मला नाही पटत. काहीतरी गडबड आहे."

थोड्या वेळाने रविकुमार गच्चीवर गेला आणि निधीही त्याच्यामागे गेली. ओसरीवर कुणी उरले नाही. तेव्हा शकुंतलाबाई पेटीजवळ आल्या. त्यांनी मला उचलून उजेडात धरले. तिरपे केले. पुन्हा सरळ केले. माझ्या तळाची पूड त्यांना दिसली.

"अय्यो!" त्या पुटपुटल्या. "पांढरं काय घातलंय ह्यांनी? आधीच घालून आणलंय! पाणी वाईट निघावं म्हणून!"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर पुढचे सगळे टळले असते. निदान तेव्हा मला तसे वाटले.

त्या मला मोरीत घेऊन गेल्या. नारळाची शेंडी आणि राख घेऊन मला अशी घासली, की पितळी तांब्यालाही कधी असे घासले नसेल. विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळले. बूच काढून मोरीच्या दगडावर ठेवताना ते आपटले आणि त्याच्या कडेचा टवका उडाला. त्यांच्या ते लक्षातही आले नाही. मला पदराने बाहेरून पुसून, कागद पुन्हा चढवून, दोरा बांधून त्यांनी पेटीत ठेवले. आणि रविकुमार खाली आला तेव्हा त्याच्या हातात हसऱ्या चेहऱ्याने कॉफीचा पेला दिला. "स्वल्प कॉफी घ्या, मग विहीर बघा."

त्याने कॉफी घेतली. मग माझा दोरा सोडला. गाठ कुणाची, हे त्याने पाहिले नाही. आत ओल होती, तीही पाहिली नाही. त्याला अजून विजेची जोडणी तपासायची होती. त्याने मला दगड बांधला आणि विहिरीत सोडले.

विहीर खोल होती. कडेच्या दगडांवर शेवाळ होते, एका फटीत पारव्याचे घरटे होते. मी पाण्यात बुडाले आणि मला वास आला. क्लोरीनचा. अशा गावठी विहिरीत हा वास स्वतःहून येत नाही. कुणीतरी काहीतरी टाकले होते. मी सवयीने माझी पूड शोधू लागले. तिचा कणही उरला नव्हता.

संध्याकाळी मी हेब्बाळला पोहोचले. विद्याश्रीने बूच काढले आणि तिचे बोट टवक्यावर थांबले. "जाताना हे नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने माझ्यातले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन क्लोरीन ओळखणारे थेंब टाकले. पाणी गडद गुलाबी झाले. तिने दुसऱ्यांदा करून पाहिले. पुन्हा गुलाबी. पूड असती तर रंग यायलाच नको होता.

तरीही तिने पाणी जंतूंच्या तपासणीला लावले. सोमवारी निकाल आला. एकही जंतू नाही. विद्याश्रीने त्या कागदावर सही केली नाही.

दोन्हीकडून फोन सुरू झाले. नरसिंहराव म्हणाले, निकाल चांगला असूनही कागद दाबून ठेवता म्हणजे ते पुण्याचे लोक तुमच्या ओळखीचे असणार. निधी म्हणाली, तो रविकुमार त्या घरी कॉफी पीत बसला होता, त्यालाच फितवले असणार. रविकुमार म्हणाला, माझे नाव घ्याल तर मी पुन्हा येणार नाही. ज्याच्या त्याच्या मनात दुसऱ्याचे एक पाप तयार होते. त्या वेळी मीही कुणावर विश्वास ठेवला नसता. बुधवारी विद्याश्रीने मला कापडात गुंडाळले आणि ती स्वतः आनेकलला गेली. निधीलाही तिने बोलावून घेतले.

ओसरीवर मला मधोमध ठेवून ती म्हणाली, "ही बाटली कुणीतरी धुतलीय. कुणी, ते सांगा. मी रागावणार नाही. पण कळल्याशिवाय पुढे जाताही येणार नाही."

निधीने शकुंतलाबाईंकडे पाहिले. शकुंतलाबाई ताठ बसल्या होत्या.

"मीच धुतली," त्या म्हणाल्या. "सांगायला भीती कसली? त्यात विष का काय ते घातलं होतं. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"अहो काकू! मी तुमच्या पाण्यात विष घालीन?"

"तू माझं पाणी तान्ह्या लेकराच्या ओठाला लावलं नाहीस, मग मला काय वाटणार?"

"अक्का," विद्याश्री मध्येच म्हणाली, "एक भांडं पाणी आणता का? गेल्या शनिवारी भरून ठेवलेलं असलं तर बरं."

देवघरातल्या झाकणाच्या कळशीत शनिवारचे पाणी होते. विद्याश्रीने ते दोन नळ्यांत घेऊन दोन्हींत थेंब टाकले. दोन्ही गुलाबी झाल्या, जरा फिक्या. मग तिने कागदाच्या पुडीतून थोडी पांढरी पूड एका नळीत टाकली. गुलाबी रंग सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

"हेच ते विष," ती म्हणाली. "हे पाणी वाईट करत नाही. पाण्यातलं औषध तेवढं मारतं. तुम्ही हे धुऊन टाकलंत म्हणून औषध बाटलीत शिल्लक राहिलं आणि मला दिसलं. धुतली नसती, तर मला काहीच कळलं नसतं. चांगला निकाल देऊन मी मोकळी झाले असते. आता सांगा, विहिरीत ब्लीचिंग पावडर कुणी टाकली?"

शकुंतलाबाईंनी सावकाश मान वळवली.

"तरी म्हटलं," त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "शनिवारच्या कॉफीला दवाखान्याची चव कशी! तुम्ही म्हणालात, पूड बदललीय."

नरसिंहराव चष्मा पुसू लागले. "पाहुणे घर बघायला येणार म्हटल्यावर आपण भिंतीला चुना लावतो. ती काय फसवणूक असते? तसंच केलं. आदल्या संध्याकाळी दोन वाट्या टाकल्या."

"आणि मागच्या महिन्यात, तो कागद आणलात तेव्हा?" विद्याश्रीने विचारले.

"तेव्हाही दोनच."

निधी उठून उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "पाणी खराब आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं हो. भीती होती." नरसिंहरावांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे दोन वर्षांपूर्वी चार मजली इमारत उठली होती. "त्यांच्या संडासाचा शोषखड्डा आमच्या भिंतीला लागून खणला. तेव्हापासून मी हिला म्हणतोय, पाणी उकळून पी. तर म्हणते, माझ्या सासूच्या विहिरीला नावं ठेवता. मग तपासणी करायचं म्हटलं की मीच मागे सरायचो. वाईट निघालं तर हिला सांगायचं कुणी?"

शकुंतलाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

विद्याश्रीने आठवडाभर विहिरीत काही न टाकण्याची अट घातली आणि पिण्याचे पाणी उकळायला सांगितले. पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली. माझे बूच आता घट्ट बसत नव्हते, म्हणून पाणी भरायचा मान माझ्या शेजारच्या पंधरा नंबरला मिळाला. मी नुसती पेटीतून पाहत होते. दोर शकुंतलाबाईंनी स्वतः धरला होता. "मी बघते कोण काय घालतं ते," त्या म्हणाल्या. पण यावेळी त्या सगळ्यांच्या समोर म्हणाल्या आणि सगळे हसले, निधीसुद्धा.

निकाल ऐकून मात्र कुणी हसले नाही. त्या पाण्यात माणसाच्या आतड्यातले जंतू होते. थोडेथोडके नाहीत, पुष्कळ.

विद्याश्रीने तो कागद ओसरीवर वाचून दाखवला. शकुंतलाबाईंनी तिला पुन्हा वाचायला लावला. मग त्या उठल्या, पंपाचे बटण बंद केले, रहाटावरचा दोर सोडवला आणि त्याचे वेटोळे करून तो आत नेऊन ठेवला. परत येऊन निधीला म्हणाल्या, "घर घे, न घे, तो तुझा प्रश्न. तो खड्डा तिथून हलेपर्यंत ह्या विहिरीतलं पाणी मी कुणाच्या लेकराला देणार नाही. मला कुणी कितीही कागद दाखवले तरी."

निधीने घर घेण्याचा विचार सोडला नाही, पण थांबवला. त्या खड्ड्याबद्दल शेजारच्या इमारतीच्या मालकाकडे जायला नरसिंहराव निघाले, तेव्हा ती मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर गेली.

आणि माझे काय झाले? बुचाचा टवका गेलेल्या बाटलीतले पाणी पुराव्याला चालत नाही. आता तुमच्यासारखी शाळेची मुले प्रयोगशाळा पाहायला आली की विद्याश्री मला दाखवते. मला नीट धरा, कारण काच जुनी झाली तरी फुटायची विसरत नाही.

मित्रांनो, शंका घेऊ नका, असे मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. शंका घेतली म्हणूनच एका लहान मुलीच्या दुधात ते पाणी गेले नाही. पण त्या घरात तीन माणसांनी तीन शंका मनात दाबून ठेवल्या. एकीने चोरून बाटली धुतली, एकाने चोरून पावडर टाकली आणि तिसरी फोनवर कुजबुजत राहिली. ओसरीवर समोरासमोर बसून कुणीतरी "हे काय आहे?" एवढेच विचारले असते, तर दोन वर्षे ते पाणी कुणी कच्चे प्यायले नसते. मला विचारता येत नव्हते, मी काच आहे. तुम्हाला येते. विचारत जा.