ओ आल्याशिवाय

गोदामात लंबूचा जोडीदार एकच, घड्याळ. माणूस वेळेला इतका पक्का की त्याचं खरं नाव सगळे विसरूनच गेले होते. थंड खोलीतलं काम जोडीनंच करायचं. एकानं आत शिरून फळांच्या पेट्या लावायच्या, दुसऱ्यानं दारात उभं राहायचं. कारण आतली कडी कधीचीच मोडलेली, दार लागलं की आतून उघडायचंच नाही, आणि दुरुस्तीचं नाव काढलं की मालकाला ऐकू येईनासं व्हायचं. दारातल्यानं अधूनमधून हाक मारायची, ‘आहेस का?’ आतल्यानं म्हणायचं, ‘आहे.’ ओ आल्याशिवाय दारातल्यानं जागा सोडायची नाही. मग आग लागो नाहीतर जावई येवो.

एका दुपारी घड्याळ दारातच गेला. छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो बसलाच. पडला तोही उंबऱ्यावर आडवा, आणि ते जड दार त्याच्या कुशीला येऊन अडकलं. म्हणून लंबू वाचला. हाका का थांबल्या म्हणून तो आत बसून चक्क शिव्या देत होता, ‘झोपला वाटतं गाढव.’ बाहेर येऊन बघतो तर हे.

पुढं नवा जोडीदार आला, आधी ट्रक चालवणारा. तो हाका मारायचा. पण त्याच्या दोन हाकांच्या मध्ये आणखी एक हाक यायची, हळू, ओळखीची. ‘लंबू, आहेस का?’

‘मध्येच लंबू काय म्हणतोस?’ लंबूनं त्याला विचारलं.

‘मी? तुम्हाला लंबू म्हणायची आपली हिंमत आहे का, दादा?’

आता तुम्ही म्हणाल, भास. म्हणा बापडे. त्या खोलीत एकदा एकटे उभे राहा आणि मग म्हणा.

घरी सांगितल्यावर बायको हातातलं काम टाकून समोर आली. ‘गेलेल्या माणसाला ओ द्यायची नाही. दिली की तो घेऊन जातो. पोर अजून शाळेत आहे आपली, ऐकताय ना?’ त्यानं शब्द दिला.

तेव्हापासून लंबू तोंड दाबून पेट्या लावायचा. हाक यायची, विरायची, पुन्हा यायची. रोज जरा जास्त दमलेली. अन्न गोड लागेना, माणूस पार वाळला.

सुट्टीच्या दिवशी तो मावशीकडे गेला. ती पोथी वाचत होती, ‘बस ऐकत,’ म्हणाली. देवदूत धर्मराजाला नरकात घेऊन जातो. तिथल्या घाणीला कंटाळून तो परत फिरतो, तेवढ्यात अंधारातून हाका येतात. जरा थांब, तू आलास की आम्हाला बरं वाटतं. कोण म्हणून विचारतो तर त्याचेच भाऊ, कर्ण, सगळी आपली माणसं. मग धर्मराज दूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहतो.

‘मग त्यांनी त्याला ओढून घेतलं?’ लंबूनं विचारलं.

‘ओढतील कशाला?’ मावशीनं चष्मा पुसला. ‘त्यांना सोबत हवी होती रे, त्याचा जीव नको होता. सगळे नाक दाबून पळतात तिथं जो थांबतो, तो आपला. वाचायला सोपं आहे.’

लंबू घरी चालत निघाला आणि रस्त्यातच थबकला. ओ आल्याशिवाय दारातल्यानं जागा सोडायची नाही. घड्याळ त्याला न्यायला येतच नव्हता. तो बिचारा अजून कामावर उभा होता, आणि त्याला असं ताटकळत ठेवलं होतं लंबूनं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो आत शिरला. भीती गेली होती असं मुळीच नाही. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

‘लंबू, आहेस का?’

‘आहे,’ तो म्हणाला. मग दारापर्यंत ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाला, ‘आहे रे. मी ठीक आहे. तू जा आता घरी, दमलास.’

त्याला कुणी नेलं नाही. फक्त दारात कुणीतरी बूट आपटून बर्फ झटकला, घड्याळ सुट्टी झाल्यावर झटकायचा तसा. मग पावलं दूर गेली. लंबू पेटीवर बसून पोटभर रडला.

त्यानंतर आत शिरला की तो पेटी हातात धरून कान देऊन उभा राहायचा. जिच्या धास्तीनं तो वाळला होता, ती हाक आता ऐकायला मिळावी म्हणून त्याचा जीव तुटत होता.

‘दादा, आहात का?’ दारातून नव्या जोडीदारानं विचारलं.

‘आहे,’ लंबू म्हणाला. ‘एकटाच आहे.’